अस्सल आणि नक्कल : पुराव्याच्या साधनांचा एक मागोवा

मंडळाने कुलवृत्तान्ताचे काम हाती घेतल्यापासून ज्ञातिबांधवांच्या घरचे जुने कागद वरचेवर आमच्या पाहण्यात येतात. मध्यंतरी एका कुटुंबाने वतनाच्या तंट्यातील एक मोडी महजर आम्हांस दाखविला. दाखविला म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर. अक्षर पुसट होते, खालच्या निशाण्या अर्धवट आल्या होत्या, पाठपोट तर नव्हतेच. आम्ही अस्सल कागद मागितला, तेव्हा घरातील तरुण मंडळींनी निःशंकपणे सांगितले, "तो जीर्ण झाला होता, म्हणून टाकून दिला. छायाचित्र आहेच की!"

या उत्तरात त्या कुटुंबाचा विशेष दोष आहे असे आम्ही मानीत नाही. नवे साधन आले म्हणजे जुन्याची गरज संपली, ही समजूत आज सर्वत्रच आहे. परंतु ती खरी आहे काय? एखादी गोष्ट घडली की नाही हे ठरविण्यासाठी आपल्या समाजाने कोणकोणती साधने वापरली आणि त्या साधनांवर कितपत विश्वास ठेवला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो संक्षेपाने वाचकांपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्याकडे जावे. काणे केवळ संस्कृत पंडित नव्हते. ते मुंबई उच्च न्यायालयातील वकील होते आणि कायद्याचे प्राध्यापकही होते. त्यामुळे 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या त्यांच्या महाग्रंथाच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचे, म्हणजे न्यायदानाचे, जे विवेचन आहे त्यात ग्रंथांचे ज्ञान आणि कोर्टाचा अनुभव एकत्र आले आहेत. याज्ञवल्क्याने मानवी प्रमाणे तीन सांगितली : लेख, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. यांपैकी एकही नसेल तरच दिव्याकडे वळावे, अशी व्यवस्था आहे. काण्यांनी या चारही प्रमाणांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

त्यातील लेखाचे प्रकरण आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. सहा महिने लोटले की माणसाच्या स्मरणात घोटाळा होतो, म्हणून विधात्याने अक्षरे निर्माण केली, अशा आशयाचे एक वचन बृहस्पतीच्या नावावर आहे. लेखन हे त्या काळचे नवे तंत्रच होते! परंतु त्याच शास्त्रकारांना हेही पक्के ठाऊक होते की, जे लिहिता येते ते खोटेही लिहिता येते. म्हणून लेखाविषयी संशय आला तर त्याच माणसाचे दुसरे हस्ताक्षर आणून ताडून पाहावे, खुणा पाहाव्यात, उभय पक्षांचा पूर्वसंबंध पाहावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ७३ ने न्यायाधीशास अक्षर ताडून पाहण्याचा अधिकार दिला, तेव्हा या जुन्याच युक्तीस नवे रूप मिळाले, असे म्हणता येईल.

शास्त्रातले आणि व्यवहारातले यांत मात्र अंतर असते. मराठेशाहीत प्रत्यक्ष निवाडे कसे होत, हे डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी डेक्कन कॉलेजातर्फे १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात अस्सल महजरांच्या आधारे दाखविले. वादी-प्रतिवादींच्या तकरिरा घ्यावयाच्या, गोतसभा जमवावयाची, साक्षी पुसावयाच्या आणि निवाडा महजरात लिहावयाचा, हा क्रम होता. हरणारा आपला दावा खोटा पडल्याचे यजितखत लिहून देई. महजरावर पाटलाचा नांगर असे, आणि बलुतेदार आपापल्या कसबाच्या हत्याराची निशाणी करीत. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचीही जबाबदारी त्या निशाणीने कागदावर उमटे. लांब कागद जोडून केलेला असला, तर मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर शिक्का मारीत. आणि मजकुराच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा असे, म्हणजे तिच्यापुढे कोणी एक अक्षर वाढविले तर ते तत्काळ ओळखू यावे.

ही सारी खबरदारी अनाठायी नव्हती. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्या प्रसंगाची 'ध'चा 'मा' केल्याची कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. 'धरावे' या शब्दाचे एका अक्षराच्या फेरफाराने 'मारावे' झाले, ही आख्यायिका आहे. सिद्ध इतिहास म्हणून आम्ही ती सांगत नाही. परंतु शतकानुशतके ती लोकांच्या तोंडी टिकली, यातच तिचे मर्म आहे. कागदावरचे एक अक्षर माणसाच्या प्राणावर बेतू शकते, ही भीती लोकमानसात खोल रुजलेली होती.

कागदच नसेल आणि प्रश्न माणसाच्या ओळखीचाच असेल, तर काय होते, हे तोतयाच्या प्रकरणात दिसून आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनाची खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणे उतरविले नाही. अशा स्थितीत 'मीच भाऊ' म्हणत एक गृहस्थ पुढे आला. छायाचित्र नाही, बोटांचे ठसे नाहीत. भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांची आठवण एवढेच साधन! माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीहून तो सुटला आणि कोकणात हजारो लोक त्याच्यामागे उभे राहिले. त्याच साली त्यास पकडून पुण्यात देहान्त शासन झाले. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवावा असे लोकांना मनापासून वाटते, तिच्यासाठी त्यांना पुरावा फारसा लागत नाही; हा धडा त्या बंडाने दिला.

मानवी प्रमाणे खुंटली म्हणजे दिव्य. कढत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, त्यास रवा म्हणत. मग हात पिशवीत बांधून वर मोहर करीत आणि ठरलेल्या मुदतीने तो उघडून पाहत. पिशवीवर मोहर कशासाठी? मधल्या काळात कोणी औषधोपचार करू नये म्हणून. देवाच्या निर्णयातही माणसाचा हात शिरू नये, याची काळजी आपल्या पूर्वजांनी घेतली होती. परंतु मूळ कल्पनाच चुकीची असली तर मोहर कितीही पक्की असून काय उपयोग? भाजलेली कातडी सत्य सांगत नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण ही स्मरणिका एका ज्ञातिसंस्थेची आहे. स्मृतिग्रंथांतील पुराव्याचे नियम सर्वांना सारखे नव्हते. साक्षीदार शक्यतो त्याच वर्णाचे असावेत, स्त्रियांच्या कामी स्त्रिया असाव्यात, शपथेचे शब्द वर्णानुसार वेगळे असावेत, इतकेच नव्हे तर कोणत्या वर्णाने कोणते दिव्य करावे हेही ठरलेले होते. काण्यांनी यातील काहीही झाकून ठेवलेले नाही. व्यवहारात तर याहून विलक्षण विसंगती दिसते. गावाच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराचा शब्द मोठा मानीत, महजरावर त्याची निशाणी घेत. आणि त्याच महारास गावच्या देवळाची पायरी चढू देत नसत. त्याचे खरे बोलणे गावाला हवे होते, तो नको होता. गोतसभेचे गुण आपण अभिमानाने सांगतो. तिचे हे वैगुण्यही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला पुराव्याचा कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्यातील कलम ११८ चा आशय असा की, ज्याला प्रश्न समजतो आणि समंजस उत्तर देता येते, ती प्रत्येक व्यक्ती साक्ष देण्यास पात्र आहे. तेथे जात नाही, वर्ण नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. परकी सत्तेने केलेल्या कायद्याविषयी तक्रारीस पुष्कळ जागा आहे. पण या एका कलमाचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि कायद्याने साक्षीदारांना समान केले तरी कागदाने त्यांना पुन्हा असमान केले. ज्याला वाचता येते तो आणि ज्याला येत नाही तो, हे कागदापुढे सारखे नसतात. कर्जरोख्यात सावकाराने काय लिहिले आहे हे कुणब्यास कळत नसे. कोर्टात मात्र तोंडच्या बोलण्यापेक्षा रोखा वरचढ ठरे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेले. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. खतपत्रे हिसकावून घेऊन त्यांनी जाळली. आपल्याविरुद्ध बोलणारा, पण आपल्याला न समजणारा हा मुका साक्षीदार त्यांना नाहीसा करावयाचा होता. पुढे चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, आणि तंटा उत्पन्न झाल्यास कोर्टाने रोख्यावरील आकड्याशी न थांबता मूळ व्यवहारापर्यंत जावे, अशी तरतूद त्यात होती. कागद पुरेसा नाही, कागदामागे काय घडले ते पाहा, हे कायद्याला सांगावे लागले. आणि ते सांगावयास लावले महाराष्ट्रातील निरक्षर शेतकऱ्यांनी.

निरक्षराची ओळख पटविण्याचे नवे साधन बंगालमध्ये निघाले. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. हेतू हा की, उद्या त्याने सही नाकारू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचे परिश्रम होते. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. 'अंगठा' हा शब्द आपल्याकडे हिणविण्यासाठी वापरतात. परंतु सहीची नक्कल करता येते आणि अंगठ्याची करणे फार कठीण, हे ध्यानात घेतले तर हिणविण्याचे कारण उरत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आला, आणि त्यावरील दोन महत्त्वाचे निर्णय मुंबईतील प्रकरणांवरच झाले. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनास लाच देऊ केल्याचे संभाषण लपविलेल्या यंत्राने टिपले होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला. छायाचित्र चालते तर ध्वनिफीत का चालू नये, असा न्यायालयाचा विचार होता. मात्र फीत मोहरबंद न करता पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात राहिली, याकडे न्यायालयाने बोट दाखविले. तिच्यात फेरफार झाला नसल्याची खात्री इतर पुराव्याने पटली म्हणूनच ती स्वीकारली गेली. १९७२ सालच्या दुसऱ्या प्रकरणात मुंबईच्या कॉरोनरविरुद्ध दूरध्वनीवरील संभाषणाची फीत पुढे आली. त्या वेळी कसोट्या स्पष्ट झाल्या : संभाषण प्रकरणाशी संबद्ध असावे, आवाज कोणाचा ते ओळखले जावे, आणि फितीतील काही पुसलेले नाही याची खात्री पटावी. महजराच्या जोडावरचा शिक्का आणि ध्वनिफितीवरची मोहर यांत शंभर-दोनशे वर्षांचे अंतर असेल. प्रश्न एकच आहे. २००३ साली मुंबईच्याच एका खटल्यात परदेशस्थ डॉक्टरची साक्ष दूरचित्रसंवादाने घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली. साक्षीदार समोर असणे म्हणजे एकाच खोलीत असणे नव्हे, हे त्यावेळी मान्य झाले.

यंत्राविषयीचा उत्साह मात्र कधी कधी भलत्या वाटेने जातो. औषध टोचून माणसास बोलते करावयाचे, किंवा मेंदूतील विद्युत्-स्पंदनांवरून त्याच्या मनातील आठवण वाचावयाची, अशा चाचण्या पुढे आल्या. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना हरकत घेतली नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा त्याचा गवगवा परदेशातही झाला. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीवाचून अशी चाचणी कोणावरही लादता येणार नाही. आम्हांस हे सारे वाचताना त्या कढत्या तेलाची आठवण होते. साक्षी-पुराव्याचे कष्ट टाळून माणसाच्या शरीराकडूनच सत्य वदवून घेण्याचा मोह जुना आहे. यंत्र नवे असले म्हणून दिव्याचे दिव्यपण जात नाही.

आता आजच्या काळाकडे येऊ. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुराव्याच्या कायद्यात कलम ६५ ब आले. संगणकातील नोंदीची नक्कल पुराव्यात द्यावयाची असेल, तर ती कशी, कोणत्या यंत्रातून काढली, याचे जबाबदार माणसाने सही केलेले प्रमाणपत्र जोडले पाहिजे, असा त्याचा अर्थ. या कलमावर अनेक वर्षे मतभेद होते. त्यांचा निकाल लागला तो आपल्या जालन्याच्या एका निवडणूक-वादात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचे अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले की काय, हा वादाचा मुद्दा होता; निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्याचे चित्रण होते, त्याच्या तबकड्याही मिळाल्या होत्या, परंतु वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नक्कल दाखल करावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने कोर्टात आणून शपथेवर सांगितले तर ते लागत नाही. आणि कोणी प्रमाणपत्र नाकारीत असेल तर कोर्टाकडून हुकूम मागावा. या वादात अर्जदाराने शक्य ते सर्व केले असल्याने त्याची अडवणूक झाली नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. त्यात नोंदीचा 'हॅश' द्यावा लागतो. हा एक गणिती ठसा होय. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. म्हणजे 'ध'चा 'मा' आज कोणी संगणकात केला, तर मूळ ठसा जपलेला असल्यास ते चटकन उघडकीस येईल. परंतु हा ठसा एवढेच सांगतो की नोंद नंतर बदललेली नाही. ती मुळात खरी होती की नाही, हे तो सांगू शकत नाही. आज यंत्राकडून कोणाचाही हुबेहूब आवाज आणि चेहरा तयार करता येतो. तोतयाला निदान भाऊंसारखे दिसावे लागले होते. आजच्या तोतयाला तेवढेही कष्ट नाहीत.

म्हणूनच या दीर्घ इतिहासातून आम्हांस जे सार दिसते ते असे : साधने बदलली, पण त्यांना विचारावयाचे प्रश्न बदलले नाहीत. अस्सल कोठे आहे? ते आजवर कोणाच्या ताब्यात होते? आणि त्याच्यामागे उभा राहून 'हे खरे आहे' असे स्वतःच्या नावाने सांगणारा माणूस कोण? नांगराची निशाणी, अंगठा, मोहर, प्रमाणपत्र ही सारी शेवटच्या प्रश्नाची उत्तरे आहेत. यंत्र नोंद करते. जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते.

आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस यावरून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. घरचा जुना कागद छायाचित्र घेतले म्हणून टाकू नका. त्यावर प्लॅस्टिकचे वेष्टन वितळवून चिकटवू नका; त्याने कागदाची हानी होते. तो कोरड्या जागी, स्वच्छ कागदात ठेवा आणि तो कोणाकडून, केव्हा आला याची दोन ओळींची नोंद स्वतःच्या सहीनिशी सोबत ठेवा. वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराल तर आरंभी त्यांचे नाव, स्थळ आणि तारीख त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या, आणि मूळ मुद्रण जपून ठेवा.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. 'तो आपल्यातला आहे, तो खोटे बोलणार नाही', किंवा 'तो त्यांच्यातला आहे, त्याचे काय खरे?' हे दोन्ही उद्गार आपल्या बैठकींत आजही ऐकू येतात. आता तर मोबाइलवर आलेले चित्र आपल्या बाजूचे असेल तर ते तपासण्यावाचून पुढे धाडले जाते. जन्मावरून शब्दाचे वजन ठरविण्याची रीत कायद्याने १८७२ सालीच मोडली. आपल्या मनांतून ती जाण्यास आणखी किती काळ लागणार? कोणाच्या शेतीचा, अब्रूचा किंवा प्राणाचा निवाडा आपल्या एका शब्दावर अवलंबून असू शकतो. त्या वेळी आपण ज्ञातीचे नव्हे, सत्याचे साक्षीदार आहोत, एवढे भान राहिले तरी पूर्वजांच्या महजरांचा वारसा आपण सांभाळला असे होईल.

त्या कुटुंबातील थोरल्या बाईंनी मागाहून माळ्यावरची पेटी पुन्हा उघडली. महजराचा खालचा तुकडा, निशाण्यांसह, एका जुन्या पोथीत सापडला आहे. वरचा भाग गेला तो गेलाच. परंतु साक्षीदार मात्र राहिले आहेत.